देशोदेशींचं किमान वेतन : यादीतल्या आकड्यांवरून नेमकं काय कळतं?

तळटीप:
नमस्कार मंडळी, आमच्या वाचनगटात मला किमान वेतनावर बोलायचंय आणि त्यासाठी देशवार तक्ता करायला घेतलाय. वरवर सोपं वाटतं. अमेरिकेत ताशी ७.२५ डॉलर, ऑस्ट्रेलियात जुलै २०२५ च्या दराने २४.९५ ऑस्ट्रेलियन डॉलर, जर्मनीत २०२५ मध्ये १२.८२ युरो, ब्रिटनमध्ये एप्रिल २०२५ च्या दराने २१ आणि त्यावरच्या वयाच्यांना १२.२१ पौंड, सगळं एका चलनात आणायचं आणि वरून खाली लावायचं, झालं. पण तसं लावून बघितलं तर समाधान होत नाही. कुठे दर तासाचा आहे, कुठे दिवसाचा, कुठे महिन्याचा, आणि स्वीडन, डेन्मार्क, इटलीच्या पुढे तर चक्क रेघ आहे, म्हणजे तिथे कायद्याने ठरवलेलं किमान वेतनच नाही. स्वीडन-डेन्मार्कमधल्या साफसफाई करणाऱ्या किंवा हॉटेलात राबणाऱ्या माणसाला बऱ्यापैकी पगार मिळतो असंही वाचलंय, मग ती रेघ वाईट की चांगली? तुलना करायचीच तर कशाची कशाशी करायची? ज्यांनी या विषयात काम केलंय त्यांनी जरा सविस्तर लिहा, घाई नाही.

हिशेबवही:
तळटीप, मी बरीच वर्षं वेगवेगळ्या देशांच्या पगारपत्रकांचं काम करतेय त्यामुळे हा प्रश्न अगदी रोजचा आहे. सगळ्यात आधी तो आकडा कशाचा आहे ते बघा, म्हणजे किती कामाचा आणि वर्षातून कितीदा मिळणारा.

स्पेनचं उदाहरण घ्या. २०२५ साठी तिथलं किमान वेतन महिना १,१८४ युरो जाहीर झालं, पण ते वर्षातून चौदा वेळा मिळतं, बारा नाही. दोन जादा पगार असतात, साधारण उन्हाळ्यात आणि ख्रिसमसला. म्हणून युरोपच्या सांख्यिकी कार्यालयाच्या तक्त्यात स्पेनपुढे १,३८१ दिसतं आणि स्पेनच्या बातम्यांत १,१८४, आणि दोन्ही बरोबर आहेत, चौदा पगारांची बेरीज करून बाराने भागलंय एवढंच. पोर्तुगालचंही तसंच, ८७० गुणिले चौदा. आता हे माहीत नसताना कुणी एक आकडा इथून आणि दुसरा तिथून उचलला की तक्ता गेला.

दक्षिण कोरियात वेगळीच गंमत आहे. २०२५ चा दर ताशी १०,०३० वॉन. पण आठवड्याला १५ तास किंवा जास्त काम करणाऱ्याने ठरलेले दिवस भरले की त्याला आठवड्याच्या सुट्टीचा एक दिवस भरपगारी मिळतो, तो कायद्याने द्यावाच लागतो. म्हणजे ४० तास काम केलं की पगार ४८ तासांचा. त्यामुळे तिथे महिन्याचा हिशेब २०९ तासांनी करतात आणि महिन्याचं किमान २०,९६,२७० वॉन येतं. नुसता ताशी दर लिहिलात तर प्रत्यक्षातल्या पगारापेक्षा बराच कमी दिसणार. (दुसरी बाजू अशी की काही मालक मग मुद्दाम माणसाला आठवड्याला १४ तासच काम देतात, म्हणजे तो सुट्टीचा दिवस द्यायलाच नको.)

नेदरलँड्सचं मला फार आवडतं कारण त्यांनी आपल्याच कायद्यातली भेग बुजवली. २०२४ च्या आधी तिथे किमान वेतन महिन्याचं होतं, आणि पूर्ण वेळ म्हणजे किती तास ते त्या त्या क्षेत्राच्या करारावर, कुठे ३६, कुठे ३८, कुठे ४०. महिन्याची रक्कम सगळ्यांना तीच! म्हणजे ४० तासवाल्याच्या एका तासाला ३६ तासवाल्यापेक्षा १० टक्के कमी मिळायचं, आणि दोघंही कायद्यानुसार 'किमान' वरच. १ जानेवारी २०२४ पासून त्यांनी ताशी दर आणला, १३.२७ युरो, तेव्हा कुठे ते सरळ झालं.

शिवाय तासाच्या दरात काय काय गुंडाळलंय ते बघा. ऑस्ट्रेलियात तात्पुरत्या कामावर असलेल्याला पगारी रजा नसते, त्याबदल्यात दरावर २५ टक्के जादा द्यावे लागतात, म्हणजे २४.९५ चे ३१.१९ होतात. अमेरिकेत खाजगी नोकरीत पगारी रजा द्यायची सक्ती करणारा देशपातळीवरचा कायदाच नाही. आणि कपातीआधीचा की हातात पडणारा हेही तपासा, तुर्कस्तानात चर्चेतला आकडा हातात पडणारा असतो (२०२५ साठी २२,१०४ लिरा), फ्रान्स-स्पेनमध्ये कपातीआधीचा. माझं म्हणणं एवढंच की तक्त्यात पहिला रकाना दराचा नको, 'वर्षभर पूर्ण वेळ काम केलं तर कपातीआधी एकूण किती' हा ठेवा. त्याच्याच शेजारी कामाचे तास.

खडूफळा:
हिशेबवहीताईंशी सहमत. त्यात भर म्हणून, चलन बदलताना बाजारातला विनिमय दर वापरू नका, क्रयशक्तीचा वापरा, म्हणजे त्या पैशात तिथे किती वस्तू येतात त्यावर बेतलेला. आणि त्याहून उपयोगी म्हणजे किमान वेतन हे त्या देशातल्या मध्यम वेतनाच्या किती टक्के आहे ते बघा. सगळ्या कामगारांना पगाराप्रमाणे रांगेत उभं केलं तर बरोबर मधला माणूस जे कमावतो ते मध्यम वेतन. फ्रान्समध्ये हे प्रमाण ६० टक्क्यांच्या आसपास असतं, अमेरिकेचा देशपातळीवरचा दर ३० टक्क्यांच्याही खाली. युरोपियन युनियनच्या २०२२ च्या निर्देशातही मध्यम वेतनाच्या ६० टक्के किंवा सरासरीच्या ५० टक्के हीच मोजपट्टी सुचवलीय.

पण प्रमाण जास्त म्हणजे सगळं छान असं नाही हां. कोलंबियात किमान वेतन मध्यम वेतनाच्या अगदी जवळ जातं, आणि निम्म्याहून जास्त कामकरी माणसं नोंदणीबाहेरच्या कामांत आहेत, म्हणजे तो कायदा त्यांच्यापर्यंत पोचतच नाही. म्हणून 'किती लोकांना लागू' हा रकाना पाहिजेच.

वाटसरू७:
अमेरिकेबद्दल लिहितो कारण ७.२५ हा आकडा एकटा लिहिला तर तो दोन्ही बाजूंनी चुकीचं चित्र देतो.

देशपातळीवरचा कायदा १९३८ चा, सुरुवात ताशी २५ सेंटने झाली. ७.२५ हा दर जुलै २००९ पासून तसाच आहे. तिथे दर आपोआप वाढायची काही सोयच नाही, संसदेने प्रत्येक वेळी नव्याने कायदा करावा लागतो आणि ती करत नाही. त्यामुळे महागाई दरवर्षी त्याचा एकेक लचका तोडते. पण बऱ्याच राज्यांनी स्वतःचे दर वर नेलेत, २०२५ मध्ये वॉशिंग्टन राज्यात १६.६६, कॅलिफोर्नियात १६.५०, आणि कॅलिफोर्नियात फास्ट फूडच्या मोठ्या साखळ्यांना एप्रिल २०२४ पासून २०. उलट अलाबामा, मिसिसिपी, लुईझियाना, टेनेसी, साउथ कॅरोलायना या राज्यांनी स्वतःचा दर ठरवलेलाच नाही, तिथे ७.२५ च चालतो. एकाच देशात दुपटीहून जास्त फरक! तेव्हा अमेरिका अशी एक ओळ लिहून भागणार नाही, निदान दोन-तीन राज्यं वेगळी लिहा.

आता ज्याबद्दल मला मनापासून वाईट वाटतं ते टिपवाल्यांचं. टिप मिळणाऱ्या कामात मालकाने खिशातून ताशी फक्त २.१३ डॉलर दिले तरी देशपातळीवरचा कायदा ते चालवून घेतो, आणि हा २.१३ १९९१ पासून हललेला नाही. समजा एखादी वेटर आठवड्याला ४० तास उभी राहिली, मालकाचे झाले ८५ डॉलर २० सेंट. किमान वेतनाने तिचे व्हायला हवेत २९०. मधले २०४ डॉलर ८० सेंट कुणी द्यायचे, तर गिऱ्हाइकांनी. टिप कमी पडली तर उरलेली भर मालकाने घालायची असा नियम आहे, पण तो पाळला गेला का हे कोण बघतं, तर तिनेच सगळ्या टिपा लिहून ठेवायच्या आणि ज्या मॅनेजरच्या हातात पुढच्या आठवड्याच्या पाळ्या आहेत त्याच्याकडेच जाऊन मागायचं. तिच्या जागी आपण असतो तर मागितलं असतं का? कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, ओरेगन, मिनेसोटा अशा सात राज्यांत ही सवलत नाही, पूर्ण दर द्यावाच लागतो, टिप वरची. आणि तिथली हॉटेलं काही बंद पडलेली नाहीत.

तळटीप:
बाप रे, एवढं तपशिलात कुणी सांगितलं नव्हतं. १४ पगारांचं तर डोक्यातच आलं नसतं. आता त्या रेघेबद्दल कुणी सांगेल का? स्वीडनमध्ये कायदा नाही तर खालची मर्यादा पाळली कशी जाते?

उत्तररंग:
तळटीप, मी त्या भागात काही वर्षं नोकरी केलीय म्हणून सांगतो. स्वीडन, डेन्मार्क, नॉर्वे, फिनलंडमध्ये पगाराची खालची पायरी युनियन आणि मालकांच्या संघटना यांच्या सामूहिक करारात ठरते, क्षेत्राप्रमाणे वेगळी, वयाप्रमाणे आणि अनुभवाप्रमाणेही वेगळी. स्वीडनमध्ये दहापैकी साधारण नऊ नोकरदार अशा कुठल्यातरी कराराखाली येतात, युनियनचे सभासद नसलेले सुद्धा, कारण मालकाने करारावर सही केली की तो त्याच्याकडच्या सगळ्यांना लागू. त्यामुळे रेघ दिसते तिथे एक दर नसून शेकडो दर आहेत.

पाळलं कसं जातं तर संपाच्या ताकदीवर. ऑक्टोबर २०२३ मध्ये स्वीडनच्या धातुकामगार युनियनने टेस्लाच्या वर्कशॉपांत संप सुरू केला, कारण कंपनी करारावर सही करेना. मग बंदरातल्या कामगारांनी टेस्लाच्या गाड्या उतरवायचं थांबवलं, इलेक्ट्रिशियन लोकांनी दुरुस्ती थांबवली, आणि टपाल कर्मचाऱ्यांनी नव्या गाड्यांच्या नंबरप्लेट पोचवायला नकार दिला. बाकीच्यांचं टेस्लाशी काही भांडण नव्हतं, पण असा सहानुभूतीचा संप तिथे कायदेशीर आहे. ब्रिटनमध्ये तो बेकायदेशीर आहे, अमेरिकेतही बहुतेक ठिकाणी करता येत नाही. मला वाटतं तुमच्या भाषणात हे यायलाच हवं. कायद्याने ठरवलेला दर नसणं तिथे चालतं कारण त्या जागी दुसरं काहीतरी भक्कम उभं आहे. ते नसताना नुसता 'बघा स्वीडनला कायद्याची गरज नाही' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका.

म्हणूनच डेन्मार्क-स्वीडनच्या युनियनांनीच युरोपियन युनियनच्या त्या निर्देशाला विरोध केला होता, त्यांना भीती अशी की सरकारने एकदा दर ठरवायला घेतला की करारांचं वजन जाईल. जर्मनीत मात्र उलटं झालं. करारांची व्याप्ती घटत गेली, खासकरून पूर्वेकडे आणि सेवाक्षेत्रात, आणि अखेर १ जानेवारी २०१५ ला ८.५० युरोचा कायदा करावा लागला. ऑस्ट्रियात अजूनही कायदा नाही पण जवळजवळ प्रत्येक नोकरदार कराराखाली येतो, कारण मालकांच्या वतीने करार करणाऱ्या व्यापारी मंडळाचं सभासदत्व धंदेवाल्यांना सक्तीचं आहे. इटलीत करार खूप आहेत पण काही इतक्या किरकोळ संघटनांनी केलेत की त्यातले दर फार खाली जातात, त्यामुळे इटलीची रेघ आणि स्वीडनची रेघ सारखी धरू नका.

स्वित्झर्लंड राहिलंच. २०१४ मध्ये देशभर ताशी २२ फ्रँकचा प्रस्ताव सार्वमताला टाकला, ७६ टक्क्यांनी नाकारला. मग जिनिव्हा कँटनने (कँटन म्हणजे तिथलं राज्य) २०२० मध्ये स्वतःपुरतं मत घेऊन २३ फ्रँक लागू केले.

तराजू_काटा:
सगळं ठीक आहे पण मूळ मुद्दा कुणी बोलतच नाहीये. दर वाढवला की मालक माणसं कमी करतो किंवा तास कमी करतो, हे साधं गणित आहे. लहान धंदेवाल्याने कुठून आणायचे? दक्षिण कोरियाचंच बघा, २०१८ ला एकदम १६.४ टक्के वाढवले, २०१९ ला पुन्हा १०.९, लहान दुकानदारांनी बोंब मारली आणि १०,००० वॉनचं आश्वासन वेळेत पाळता आलं नाही म्हणून राष्ट्राध्यक्षांना माफी मागावी लागली. पुढच्या वर्षी वाढ २.९ टक्क्यांवर आली. मी किमान वेतनाच्या विरोधात नाही पण फक्त वरच्या बाजूने बघू नका.

खडूफळा:
तराजू, कोरियाचा मुद्दा रास्त आहे, वाढीचा वेग महत्त्वाचा आहेच. पण 'साधं गणित' इतकं साधं निघालेलं नाही. १९९२ मध्ये अमेरिकेत न्यू जर्सीने दर ४.२५ वरून ५.०५ केला, शेजारच्या पेनसिल्व्हेनियाने केला नाही. डेव्हिड कार्ड आणि अ‍ॅलन क्रूगर यांनी दोन्हीकडच्या मिळून ४१० फास्ट फूड दुकानांत आधी आणि नंतर माणसं मोजली, आणि न्यू जर्सीत रोजगार घटल्याचं दिसलं नाही. त्यावर प्रचंड वाद झाला, दुसऱ्या दोघांनी पगारनोंदी वापरून उलटा निष्कर्ष काढला, कार्ड-क्रूगरनी २००० मध्ये पुन्हा उत्तर दिलं. कार्डना २०२१ चं नोबेल मिळालं ते अशाच कामासाठी. जर्मनीत २०१५ नंतर जे दिसलं ते तर मला जास्त पटतं. एकूण रोजगार फारसा पडला नाही, कमी पगाराची माणसं लहान, कमी उत्पादक धंद्यांतून मोठ्या आणि जास्त पगार देणाऱ्यांकडे सरकली. म्हणजे लहान धंदेवाल्याला झळ बसते हे तुमचं खरं आहे, पण कामगार घरी बसतोच असं नाही.

कारण सांगतो. आसपास कामाला ठेवणारे दोन-चारच असतील तर ते पगार मुळातच दाबून ठेवू शकतात, माणूस जाणार कुठे. तिथे कायद्याने दर थोडा वर ढकलला तर तो दाबलेला भाग सुटतो. फार ढकलला तर तुम्ही म्हणता ते होतं. रेषा कुठे आहे ते प्रत्येक ठिकाणी वेगळं, म्हणून ब्रिटनमध्ये कमी वेतन आयोग दरवर्षी आकडे बघून शिफारस करतो आणि त्यात मालक, युनियन आणि अभ्यासक तिन्ही बसतात. कोरियाच्या आयोगात तर नऊ-नऊ-नऊ असे सत्तावीस.

तराजू_काटा:
जर्मनीचं हे माहीत नव्हतं, वाचतो. पण वेग आणि वेळ हा मुद्दा सोडत नाही मी.

मस्टर:
सगळ्यांनी चांगलं लिहिलंय पण मला अंमलबजावणीबद्दल बोलायचंय, कारण माझं सगळं काम कामगारांच्या हजेरीपुस्तकांत आणि पगारनोंदींत गेलंय आणि कागदावरचा दर आणि हातावर पडलेले पैसे यातलं अंतर मी बघितलंय. मस्टरवर आठ तास, प्रत्यक्षात अकरा. सही पूर्ण रकमेवर, पाकिटात त्यातून कापलेले. दर मोडला म्हणून कुणी सापडत नाही कारण कागदावर दर बरोबर असतो, चोरी तासांत असते. म्हणून तळटीप, प्रत्येक देशापुढे तपासणी कोण करतं हे लिहाच.

जर्मनीत ते काम कस्टम्स खात्याकडे आहे, वर्दीतली माणसं बांधकामावर जाऊन तासांच्या नोंदी मागतात. ब्रिटनमध्ये २०२५ मध्ये ते करखात्याकडे होतं, थकबाकी तर भरावीच लागते वर तिच्या दुप्पट दंड, आणि मालकांची नावं सरकार जाहीर करतं. ऑस्ट्रेलियात १ जानेवारी २०२५ पासून जाणूनबुजून कमी पगार देणं हा देशपातळीवर फौजदारी गुन्हा झालाय. भारतात सर्वोच्च न्यायालयाने १९८२ मध्ये आशियाई खेळांच्या बांधकामावरच्या मजुरांच्या खटल्यात म्हटलं की किमान वेतनापेक्षा कमी देऊन काम करून घेणं ही घटनेच्या कलम २३ खालची वेठबिगारी आहे. मजूर राजीखुशीने आला होता ही सबब चालणार नाही, कारण भूक सुद्धा जबरदस्तीच आहे असा त्यामागचा विचार. मला यापेक्षा ठाम कुठे वाचल्याचं आठवत नाही. पण १९४८ चा कायदा फक्त यादीतल्या उद्योगांना लागू होता, यादीबाहेरचा माणूस बाहेरच. नवी वेतन संहिता २०१९ मध्ये मंजूर झाली आणि नोव्हेंबर २०२५ मध्ये अमलात आली, तिच्यात ही याद्यांची भानगड काढलीय आणि सगळ्या नोकऱ्या धरल्यात.

आणि नगावर मजुरी घेणाऱ्यांना विसरू नका, शिलाई, पॅकिंग, विड्या, शेतातली तोडणी. तासाचा दर त्यांना लावायचा कसा? ब्रिटनचा नियम मला न्याय्य वाटतो. आधी बघायचं सरासरी कामगार तासाला किती नग करतो, समजा १२. त्याला १.२ ने भागायचं, आले १०. मग तासाचं किमान वेतन त्या १० ने भागून नगाचा दर, म्हणजे १२.२१ ला नगामागे १ पौंड २२ पेनीहून किंचित जास्त. यामुळे नवी किंवा हात जरा सावकाश चालणारी बाई दहाच नग करू शकली तरी किमानाच्या खाली जात नाही. हा भागाकार केला नाही तर सगळ्यात चपळ कामगाराला मापदंड धरून बाकीच्यांना उपाशी ठेवता येतं, आणि ठेवतातच.

पाऊलखुणा:
मस्टरकाका, वेठबिगारीच्या निकालाबद्दल धन्यवाद, हे शाळा-कॉलेजात कुणी सांगत नाही.

एक छोटी भर. काही देशांत किमान वेतनाला भलत्याच गोष्टी बांधलेल्या असतात त्यामुळे ते वाढवणंच अवघड होतं. मेक्सिकोत दंड, फी, घरकर्जं सगळं 'इतकी किमान वेतनं' अशा हिशेबात असायचं, दर वाढवला की तेही वाढणार, म्हणून वर्षानुवर्षं दर दाबून ठेवला. २०१६ मध्ये घटनादुरुस्ती करून ते वेगळं केलं, आणि २०१८ मध्ये दिवसाला ८८ पेसो असलेला दर २०२५ मध्ये २७८.८० पर्यंत गेला. ब्राझीलमध्ये मात्र पेन्शनची खालची मर्यादा घटनेनेच किमान वेतनाला बांधलीय, त्यामुळे तिथे दर वाढला की म्हाताऱ्यांनाही मिळतं पण सरकारी तिजोरीवर लगेच ताण येतो आणि मग वाढीवर मर्यादा घालायची चर्चा सुरू होते.

तळटीप:
सगळ्यांचे खूप आभार. तक्ता नव्याने करतोय, दराचा रकाना शेवटी नेलाय आणि आधी वर्षाचं एकूण, तास, मध्यम वेतनाशी प्रमाण, किती लोकांना लागू, कोण ठरवतं, कोण तपासतं असे घेतलेत. एकच शंका उरलीय. मालक राहायला खोली आणि जेवण देतो तेव्हा ते किमान वेतनात धरतात का? घरकामगार आणि बांधकामावरच्या परदेशी मजुरांसाठी हा प्रश्न मोठा आहे.

हिशेबवही:
देशागणिक वेगळं. ब्रिटनमध्ये फक्त राहण्याची सोय धरता येते आणि तीही ठरावीक रकमेपर्यंतच, एप्रिल २०२५ च्या दराने दिवसाला १०.६६ पौंड. खोलीचं भाडं त्याहून जास्त लावलं तर वरचा भाग किमान वेतनातून कापला असं धरतात. जेवण अजिबात धरता येत नाही. अमेरिकेत जेवण आणि खोली दोन्हींचा 'वाजवी खर्च' धरायला परवानगी आहे, त्यात मालकाने नफा लावायचा नाही. कतारने मार्च २०२१ पासून वेगळी पद्धत घेतलीय, महिना १,००० रियाल मूळ वेतन, आणि मालक सोय करत नसेल तर राहण्यासाठी ५०० आणि जेवणासाठी ३०० वेगळे, घरकामगारांसकट सगळ्या राष्ट्रीयत्वांना. म्हणजे खोलीत दहा माणसं कोंबून तिचं भाडं मूळ वेतनातून वळतं करून घ्यायला कायद्यात जागा ठेवलेली नाही. तुमच्या तक्त्यात कतारपुढे १,८०० लिहू नका, १,००० लिहा आणि बाकीचे दोन वेगळ्या रकान्यात, नाहीतर ज्याला खोली मिळते आणि ज्याला नाही त्यांचे पगार तुम्ही एकच करून टाकाल.